कुंपणाचा डांब मातीत कसा धरतो?



उसाची नोंद करायला किंवा बेण्याची चौकशी करायला गट कार्यालयात येणारे सभासद अलीकडे उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, डुकरांचं काय करायचं?" ओढ्याकाठची, माळाच्या कडेची आणि डोंगरपायथ्याची शेते ज्यांची आहेत त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. रानडुक्कर उसात शिरले की खाते थोडे आणि लोळवते जास्त. पडलेल्या उसाला उंदीर लागतात, कांड्यांवर मुळ्या सुटतात, वजनही जाते आणि उताराही जातो. शिवाय मोकाट जनावरे आहेतच.

मग सभासद तार आणतो. तार कुठली, किती पदरी, कुठल्या गेजची, याची तो चार दुकानांत चौकशी करतो. डांब मात्र घरच्या बांधावरचे बाभळीचे, सुबाभळीचे नाहीतर निलगिरीचे. ते पुरण्याचे काम दोन गडी एका दिवसात उरकतात. पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्या उन्हाळ्यात डांब डुलायला लागतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात कुंपण शेजाऱ्याच्या बांधावर झोपते.

आम्ही गटागटातून फिरताना अशी पडलेली कुंपणे पुष्कळ पाहिली. त्यांत तार तुटलेली क्वचितच दिसते. डांब मधोमध मोडलेलाही क्वचितच. एक तर तो मातीतून सुटलेला असतो, नाहीतर जमिनीच्या पातळीला कुजून कापल्यासारखा तुटलेला असतो. तेव्हा तारेवर जेवढा विचार करतो त्याच्या निम्मा तरी खड्ड्यावर केला पाहिजे, म्हणून हा लेख. सिमेंटचे तयार डांब ज्यांना परवडतात त्यांनी ते जरूर घ्यावेत. पण चौरस एकराला भोवतीचा फेर साधारण ८३५ फूट भरतो. १० फुटांवर एक डांब म्हटला तरी ८४ डांब लागतात. घरची लाकडे असताना तेवढे डांब विकत घेणे सगळ्यांना जमत नाही, हे आम्ही जाणतो.

खड्डा आणि ठोकणी

डांबाच्या माथ्याला म्हैस अंग घासते किंवा तार ओढते, तेव्हा डांब पहारीसारखा काम करतो. ज्या बाजूला ओढ आहे तिकडची जमिनीलगतची माती तो दाबतो आणि बुडाशी उलट बाजूची माती दाबतो. म्हणजे डांबाला धरून ठेवणारी माती दोन ठिकाणी आहे, अगदी तळाशी आणि अगदी वर. मधली माती त्या मानाने कमी राबते. आपल्याकडे होते काय, की खड्डा खणून डांब उभा करतात, सगळी माती एकदम लोटतात आणि वरून चार टोले हाणतात. वरचे चार बोट घट्ट, खाली सगळे पोकळ. असा डांब पहिल्या आठवड्यात घट्ट वाटतो एवढेच.

सात फुटी डांब असेल तर सव्वादोन ते अडीच फूट जमिनीत जावा. कोपऱ्याचा डांब आठ फुटी घ्यावा आणि तीन ते साडेतीन फूट गाडावा. खोली सव्वापट केली की पकड निदान दीडपट होते. म्हणून डांब जाड घेण्यापेक्षा अर्धा फूट लांब घेऊन खोल गाडणे स्वस्त पडते. खड्ड्याची रुंदी डांबाच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट असावी, त्याहून जास्त नको. रुंद खड्डा म्हणजे हलवलेली माती जास्त, आणि हलवलेली माती न हलवलेल्या मातीइतकी कधीच धरत नाही. टिकावाने भला मोठा खड्डा करण्यापेक्षा पहारीने अरुंद, सरळ भिंतीचा खड्डा करावा. वेळ लागतो, लागू द्या. ट्रॅक्टरवर चालणारे खड्ड्याचे यंत्र भाड्याने मिळत असेल तर फारच उत्तम.

तळाशी चार बोटे खडी किंवा जाड मुरूम घालावा, म्हणजे बुडाशी पाणी तुंबत नाही. त्यावर डांब उभा करून ओळंब्यात धरावा आणि माती चार-पाच इंचांच्या थरांनी भरावी. प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने किंवा सडपातळ धुमसाने चोहोबाजूंनी ठोकावा. टोला पडल्यावर 'धप' असा मऊ आवाज येत असेल तर थर अजून सैल आहे. 'टण्' असा कोरडा आवाज आला की पुढचा थर. गड्याला सांगून निघून जाऊ नका, तळाचे पहिले दोन थर स्वतः उभे राहून ठोकून घ्या. सर्वात वर मातीची उतरती टोपी करावी, पाणी डांबापासून बाहेर वाहून जाईल अशी.

जुनी माणसे एक खूण सांगतात. खड्ड्यातून निघालेली माती डांबासकट परत खड्ड्यात मावली आणि वर उरली नाही, तर ठोकणी झाली असे समजावे. आम्ही ही खूण बऱ्याच शेतांवर ताडून पाहिली आहे, बहुतेक जमिनींत ती खरी ठरते.

काळ्या जमिनीचे वेगळे दुखणे

वर सांगितले ते मध्यम जमिनीसाठी. आपल्या सभासदांचा बराच ऊस नदीकाठच्या भारी काळ्या रानात आहे, आणि ही जमीन डांबाची वैरीण आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. हात जाईल अशा भेगा मे महिन्यात आपण सगळेच पाहतो. भेग पडायला कमकुवत जागा लागते, आणि डांबाच्या कडेला ती आयतीच मिळते. डांबाभोवती बोटभर फट पडते, तीत वळवाचे पाणी जाते, माती रबडी होते, वारा डांब हलवतो, फट आणखी रुंदावते. दोन वर्षांत काम तमाम.

यावर उपाय म्हणजे काढलेली काळी माती परत घालायचीच नाही. इथे मात्र खड्डा थोडा रुंद, डांबाच्या जाडीच्या तिप्पट घ्यावा आणि भोवती मातकट मुरूम पाणी शिंपडून थराथराने ठोकावा. मुरूम फुगत नाही, आकसतही नाही. काळी जमीन बाहेरून हलली तरी तिचा धक्का डांबापर्यंत कमी पोहोचतो. काळ्या मातीतून जाणारे कालवे ढासळू नयेत म्हणून न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मुंबईच्या आय. आय. टी. चे प्रा. कट्टी यांनी बसवली आणि ती कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर वापरली गेली. आपला खड्डा लहान, पण युक्ती त्याच जातीची. नुसती खडी किंवा गोटे मात्र भरू नयेत. त्यांच्या पोकळीत पाणी साठते आणि खड्डा विहीर होतो.

एका वयस्कर सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, एवढा मुरूम आणायचा कुठून?" आम्ही म्हटले, "आबा, सगळ्या डांबांना नको. कोपऱ्याच्या, फाटकाच्या आणि दर दहाव्या डांबाला घाला. बाकीच्यांना वरच्या फूटभरात घातला तरी भागेल." ट्रॉलीभर मुरुमात पुष्कळ डांब होतात.

माळाच्या मुरमाड जमिनीत प्रश्न उलटा. खणायला जिवावर येते, पण एकदा डांब बसला की हलत नाही. तिथे दोन फूट खोली पुरे, फटीत दगडाच्या चिपा पाचरीसारख्या ठोकाव्यात. पाणथळ, चोपण रानात खड्ड्यात पाणी लागते आणि ठोकणी होतच नाही. तिथे डांबाला टोक करून तो घणाने सरळ जमिनीत ठोकावा. नाहीतर बुडापासून वीतभर वर हातभर लांबीचा आडवा तुकडा खिळ्यांनी जखडून डांब गाडावा. तो आडवा तुकडा जमिनीत पाय रोवल्यासारखा अडकतो. ओघळीतून, ओढ्यावरून कुंपण जाते तिथेही हीच युक्ती करावी. ताणलेली तार खोलगट जागेतल्या डांबाला वर उचलते, आणि असे उपटलेले डांब आम्ही कितीतरी पाहिले.

सिमेंटबद्दल

"काँक्रीट ओतलं की मिटलं," असे पुष्कळांना वाटते. लोखंडी किंवा सिमेंटच्या डांबाला ते ठीक. लाकडाला मात्र विचार करून. लाकूड वाळले की आकसते आणि काँक्रीटपासून सुटते. त्या केसभर फटीतून पाणी उतरते आणि खालून काँक्रीट बंद असेल तर वाटीत ठेवल्यासारखे साचते. डांब आतल्या आत कुजतो, वरून कळतही नाही. काँक्रीट घालायचेच असेल तर बूड खडीवर उघडे ठेवावे, काँक्रीट फक्त भोवती घालावे आणि त्याचा वरचा काठ जमिनीच्या थोडा वर, बाहेर उतरता करावा. आमच्या मते मधल्या डांबांना काँक्रीट हा वाया खर्च आहे. तेच पैसे कोपऱ्यावर घालावेत.

कोपरा पडला की कुंपण पडले

मधला डांब तारेला नुसता उचलून धरतो. ओढ सगळी कोपऱ्याच्या आणि टोकाच्या डांबावर. नीट ताणलेल्या एका तारेची ओढ साधारण १०० किलोच्या आसपास धरली, तर पाच पदरी कुंपण कोपऱ्याला एका दिशेने ५०० किलोंनी ओढते. म्हणजे उसाच्या भरल्या बैलगाडीचा काही हिस्साच त्या डांबाला रात्रंदिवस टांगलेला आहे. असा डांब नुसत्या खोलीवर उभा राहत नाही, त्याला आधार हवा.

आपल्याकडे तिरपा टेकू देतात. टेकू चांगला, पण बहुतेक ठिकाणी तो आखूड आणि उभट असतो. उभट टेकू कोपऱ्याच्या डांबाला जॅकसारखा वर उचलतो, आणि मग लोक म्हणतात टेकू दिला तरी डांब निघाला. टेकू कुंपणाच्या रेषेतच आतल्या बाजूला द्यावा, निदान सात-आठ फूट लांबीचा. त्याचे वरचे टोक डांबाच्या उंचीच्या दोन-तृतीयांशावर खाचेत बसवावे. खालचे टोक मातीत खुपसू नये, पुरलेल्या चपट्या दगडाला भिडवावे. कोपऱ्यावर दोन बाजूंच्या तारा येतात, तेव्हा टेकूही दोन लागतात.

याहून भक्कम पद्धत म्हणजे जोड-डांब. कोपऱ्याच्या डांबापासून आठ फुटांवर, कुंपणाच्या रेषेत, तेवढाच खोल दुसरा डांब गाडावा. दोहोंच्या माथ्याजवळ एक आडवे बळकट लाकूड खाचेत बसवावे. नंतर दुसऱ्या डांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या डांबाच्या बुडापर्यंत जाड तारेचा दुहेरी फेरा तिरका घ्यावा आणि मधे काठी घालून पीळ देत घट्ट करावा. ही तिरकी तार कुठून कुठे जाते ते नीट ध्यानात ठेवा. उलटी बांधली, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या बुडाला, तर तिचा काडीचा उपयोग नाही. बरोबर बांधली तर कोपरा जितका ओढला जाईल तितकी सगळी जोडी घट्ट आवळत जाते.

बाहेरच्या बाजूला दगड पुरून त्याला तणावा बांधण्याची रीतही आहे. दगड तीन फूट खोल गेला तर तणावा चांगला धरतो. पण बाहेरची बाजू म्हणजे शेजाऱ्याचा बांध. आधीच बांधावरून बोलणे बंद असेल तिथे हा उपाय आम्ही सुचवणार नाही.

फाटकाच्या दोन डांबांना कोपऱ्याचेच नियम. शिवाय फाटक एवढे रुंद ठेवा की भरलेली ट्रॉली वळताना डांबाला घासणार नाही. तोडणीच्या हंगामात उपटलेले फाटकाचे डांब पाहिले की कुंपण घालताना ट्रॉलीचा विचार कुणी केला नव्हता हे कळते.

कुजणे आणि वाळवी

लाकूड सतत पाण्याखाली राहिले तर कुजत नाही, सतत कोरडे राहिले तरी कुजत नाही. जिथे ओल, हवा आणि ऊब तिन्ही एकत्र येतात तिथे कुजते, आणि ती जागा म्हणजे जमिनीच्या पातळीच्या वर-खाली वीतभर. वाळवीही तिथूनच चढते. तेव्हा जी काही प्रक्रिया कराल ती बुडापासून जमिनीवर फूटभर येईल एवढी करा. बूडच रंगवून ठेवायचे आणि हा पट्टा कोरा सोडायचा, हे चुकीचे.

लाकडाचा गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही. कोवळी, मनगटाएवढी बाभूळ म्हणजे जवळजवळ सगळा पांढरा भागच. जून झाडाचे, गाभा भरलेले लाकूड घ्यावे आणि जाड टोक खाली ठेवावे. शेंडा खाली घातला की डांब कुजत नाही असे काही जण सांगतात. त्याने फरक पडत नाही, उलट बारीक टोक खाली गेल्याने गाभा कमी मिळतो. साग उत्तम, पण तोही जून असेल तर. स्वतःच्या रानातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तो तोडायला परवानगी लागते, हे विसरू नये.

साल ताबडतोब सोलावी. सालीखाली पोखरणारे किडे राहतात आणि लाकूड वाळतही नाही. दोन-तीन महिने सावलीत, जमिनीपासून वर, हवा खेळेल असे रचून वाळवावे. बाभूळ आणि बांबू काही आठवडे पाण्यात मुरवून मग वाळवण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि किडे कमी लागतात.

डांबर फासायचे तर पुरते वाळलेल्या लाकडावरच. ओल्यावर फासले तर ओल आत कोंडते आणि डांब लवकर जातो. बूड जाळून काळे करण्याने फारसे साधत नाही. जळालेल्या थराला तडे जातात आणि कुजवणारी बुरशी त्यांतून आत शिरते. इंजिनाचे जळके तेल ओतणाऱ्यांना विनंती, ते लाकूड टिकवत नाही, विहिरीचे पाणी मात्र नासवते. पूर्वी खड्ड्यात बी. एच. सी. पावडर टाकत. तिच्यावर १९९७ पासून देशात बंदी आहे. जुना डबा कुठे पडला असेल तर हात लावू नका.

आमच्या सभासदांना ठाऊक नसेल, पण जगभर वर्षानुवर्षे वापरले गेलेले लाकूड टिकवण्याचे एक मिश्रण आपल्याच देशात निघाले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. दाबाखाली ते लाकडात भरले की डांब दशकानुदशके टिकतो. पण त्यात आर्सेनिक आहे, हे घरी करण्याचे काम नव्हे. असे हिरवट डांब जुन्या बाजारात मिळाले तर वापरा, मात्र त्यांचे तुकडे चुलीत कधीही घालू नका.

उसाच्या कुंपणाला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाचट पेटवणे. एका पेटवणीत बांधालगतचे डांब बुडाशी करपतात आणि तारेवरचा जस्ताचा थरही जातो. पाचट सरीत ठेवा असे आम्ही खोडव्यासाठी सांगतोच. आता कुंपणासाठीही सांगतो.

वाढणारे डांब

पांगारा, शेवगा, गिरिपुष्प यांचे मनगटाएवढे ओले सोट मे अखेर-जूनमध्ये दोन फूट गाडले की मुळ्या धरतात. पानमळेवाल्यांना हे नवे नाही. मुळ्या सुटलेला डांब स्वतःच स्वतःला धरतो, काळ्या जमिनीतल्या भेगांना पुरून उरतो आणि कुजत नाही. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून उसातच टाकता येतो. पहिले वर्षभर त्यावर ताण देऊ नये, तार मधल्या सुक्या डांबांवरच ठेवावी. दरवर्षी छाटणी मात्र हवी, नाहीतर कडेच्या दोन सऱ्या सावलीत बसतात. कोपऱ्याला मात्र वाढता डांब चालत नाही.

आकडा टाकलेल्या तारेबद्दल

कुंपण पडले, डुकरे आली, की काही ठिकाणी माणूस रागाच्या भरात साधी तार खुंट्यांना गुंडाळतो आणि तिच्यात घरचा किंवा मोटारीचा २३० व्होल्टचा प्रवाह सोडतो. हे आम्ही स्पष्ट शब्दांत लिहितो. या तारेला माणसे मरतात. रात्रीच्या पाळीचे पाणी धरायला निघालेला शेजारी मरतो, वैरणीला आलेली बाई मरते, लावणारा स्वतः पहाटे विसरून हात लावतो आणि मरतो. ओल्या सरीत उभ्या माणसाला वाचायला वाव नसतो. लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो आणि दोन घरे उठतात. रानडुक्कर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारा प्राणी आहे, तो खटला वेगळाच.

सौर झटका यंत्र ही निराळी गोष्ट. त्यातून क्षणभराचे ठोके जातात, ते जनावराला हाकलतात, मारत नाहीत. पण प्रमाणित यंत्रच घ्यावे आणि त्याला घरची लाइन कधीही जोडू नये. लाकडी डांबावर प्रत्येक तारेला इन्सुलेटर हवा, कारण भिजलेले लाकूड झटका जमिनीत उतरवते. सर्वात खालची तार जमिनीपासून वीतभर, तिच्याखाली गवत वाढू देऊ नये. डुक्कर खालून मुसंडी मारते, वरून उडी घेत नाही. आणि डांब डुलत असतील तर तार ढिली पडते, जमिनीला टेकते आणि यंत्र नुसते टकटक करत बसते. डुकरांनी नुकसान केलेच तर त्याच दिवशी पंचनाम्यासाठी वनखात्याकडे अर्ज द्यावा, गटातील शेतकी मदतनीस अर्ज लिहायला मदत करतील.

कधी पुरावेत

काळ्या रानात डांब पुरण्याची वेळ म्हणजे पावसाळा सरल्यावर वापसा आल्यानंतरची. मे महिन्यात ढेकळे ठोकली जात नाहीत आणि जुलैत चिखल. दिवाळीच्या आसपास माती मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोटाने फुटते, तेव्हा ठोकणी सर्वात चांगली बसते. ज्यांनी मागच्या वर्षी डांब पुरले आहेत त्यांनी मे अखेर, वळवाच्या आधी एक फेरी मारावी. प्रत्येक डांबाला खांदा लावून पाहावा. फट पडलेली असेल तिथे कोरडा मुरूम घालून पहारीने ठोकावा, टोपी नीट करावी, तिरक्या तारेला काठी घालून अर्धा पीळ द्यावा. एकराला दोन माणसांचे सकाळचे काम आहे. पहार आणि दोन घमेली मुरूम बांधावर ठेवूनच निघा.